पाटल्या मोडून गाडी घ्यावी का?

मैत्रिणींनो, एरवी ह्या सदरात आपण कुकरची शिट्टी, मिक्सरचं गळकं भांडं, फार तर फ्रीजच्या दाराचं रबर, इथवरच जातो. मोटारीबद्दल मी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण पोलादपूरच्या एका भगिनीचं चार पानी पाठपोट पत्र आलं आहे. ते मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि शेगडीवरची आमटी उतू गेली. पत्र वाचून झाल्यावर ओटा पुसताना ठरवलं, की ह्या खेपेला दुसरं काही नाही.

त्यांची हकिकत थोडक्यात सांगते. यजमान नोकरीला मुंबईत, शनिवारी रात्रीच्या एसटीने येतात आणि रविवारी परत जातात. घरी ह्या, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यात दमा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना श्वास लागला. शेजारच्यांची जीप गावाला गेलेली. दुसरी गाडी मिळून महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात आपण काय काय नवस बोललो ते त्यांनी लिहिलं आहे, ते इथे देत नाही. सासूबाई बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून ‘दारात गाडी हवी’ हे घरात ठरलं.

आता यजमानांनी एक गाडी बघितली आहे. लहान, पाच दारांची, २०१८ची, फक्त बावीस हजार किलोमीटर चाललेली, आतून अगदी नवी, सीटकव्हरंसुद्धा कोरी. किंमत बाजारभावापेक्षा पाऊण लाखाने कमी. पैसे कमी पडतात म्हणून पत्रलेखिकेच्या पाटल्या मोडायच्या. त्या विचारतात, ‘ही गाडी चांगली की वाईट, आणि पाटल्या मोडू की नको?’ आणि पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘मी शिकले तर मला चालवता येईल का? हे म्हणतात, तुला काय जमणार.’

शेवटून सुरुवात करते. जमेल. मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी महाडात शिकले. पहिल्यांदा आंबेनळी घाटात गाडी उभी करून पुन्हा चढावर उठवायची वेळ आली, तेव्हा मागे एसटी होती. गाडी हातभर मागे घसरली आणि माझ्या तोंडातून मुलांदेखत जे शब्द निघाले ते ह्या मासिकात छापता येणार नाहीत. पण हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच हळू सोडत आणायचा, गाडीचं नाक किंचित उचललं की मगच हँडब्रेक खाली. दहा दिवस हेच केलं. पुरणपोळी लाटण्यापेक्षा अवघड नाही.

आता गाडीचं. मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि वेगळी लांब डिकी नसते, अशा गाडीला हॅचबॅक म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात ही तऱ्हा रुजली. ७९६ सीसीच्या छोट्या इंजिनाची ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती. १९९८ साली ह्युंदाईची सँट्रो आणि पुण्याची टाटा इंडिका, १९९९ साली मारुतीचीच वॅगनआर आली. नावं एवढ्यासाठी सांगते, की सँट्रो आणि वॅगनआरने एक गोष्ट केली ती आपल्या सासूबाईंच्या फार उपयोगाची आहे. त्यांनी गाडी उंच केली, त्यामुळे बैठक वर आली. जुन्या बसक्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, आणि उठायचं म्हणजे दोघांनी हात द्यायचे. उंच गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखं मागे टेकतं आणि पाय आत घेतं.

यजमान गाडी बघायला जातात तेव्हा बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात आणि ‘ऍव्हरेज काय देते’ विचारतात. आपण गाडी बघायला जाताना सासूबाईंना बरोबर न्यायचं. त्यांना मागे बसू द्यायचं, उठू द्यायचं, पुन्हा बसू द्यायचं. मागचं दार किती उघडतं ते बघायचं. कित्येक गाड्यांत ते अर्ध्यावर अडतं आणि आजारी माणसाला आत घेताना डोकं आपटतं. मागे तिघं बसवून बघायचं. मधल्याच्या पायाशी उंचवटा असतो आणि डोक्याला टेकायला बहुधा काही नसतं. लहान गाडीत पाच माणसं बसतात असं कागदावर असतं, पण मोठी माणसं चारच बसतात. पाचवं लेकरू असेल तरच बरं. ही ह्या जातीच्या सगळ्या गाड्यांची उणीव आहे, कुठल्या एका कंपनीची नाही.

माझं म्हणणं असं, की गाडी जोखायची ती आपल्याला जिच्यासाठी हवी आहे त्या रात्रीवर. पोलादपूर ते महाड अठरा-वीस किलोमीटर, जुलै महिना, रात्रीचे दोन, बाहेर कोसळतोय, मागे सासूबाई धापा टाकताहेत आणि चालवणाऱ्या तुम्ही. मुंबईच्या गल्लीत सोयीची गाडी निराळी आणि ह्या रात्रीची निराळी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात पहिली अब्रू जाते ती काचांची. आतून धुकं धरतं आणि पुढचं दिसेनासं होतं. तेव्हा एसीची हवा पुढच्या काचेवर सोडली की मिनिटभरात काच स्वच्छ होते. एसी ही उन्हाळ्याची चैन असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्या गाडीचा एसी चालत नाही ती पावसाळ्यात निम्मी आंधळी. हॅचबॅकची मागची काच उभी असते, चाकांचा चिखल थेट तिच्यावर येतो. मागे वायपर आणि काच तापवणाऱ्या तारा असतील तर उत्तम. स्वस्तातल्या प्रकारात त्या नसतात, आणि नेमक्या तिथेच कंपन्या पैसे वाचवतात.

म्हणून गाडी दिवसा बघून भागत नाही. रात्री चालवून बघा. जुन्या गाडीच्या दिव्यांची प्लास्टिकची भिंगं पिवळी पडतात, मग प्रकाश समईएवढा. पाऊस नसेल तर पुढच्या काचेवर बादलीभर पाणी ओता आणि वायपर फिरवा. पट्टे राहिले तर रबर बदलायला फार पैसे पडत नाहीत, पण वायपर कण्हत फिरला तर मोटरचं दुखणं. मग दारं लावून गाडीवर नळीने दहा मिनिटं पाणी सोडा आणि आतल्या गालिच्यावर पायाखाली हात फिरवा. ओलसर लागला तर नको म्हणा.

तळ किती उंच आहे तेही घरच्या घरी कळतं. मुलाच्या कंपासमधली पंधरा सेंटिमीटरची पट्टी घ्या, घरच्या सगळ्यांना गाडीत बसवा, आणि सगळ्यांत खाली येणाऱ्या भागाखाली पट्टी उभी धरा. वर बोटभर जागा राहिली तर आपल्या रस्त्यांना चालेल. रिकाम्या गाडीची उंची विकणारा सांगतो. पण भरलेली गाडी बसते, आणि आपण कधी रिकामे जातो का? तांदळाचं पोतं, नारळ, फणस, वर पाहुणे.

घाटाचं थोडं सांगितलंच पाहिजे. पोलादपूरहून वर आंबेनळी आहे, चाळीसेक किलोमीटरात महाबळेश्वर. खेडकडे कशेडी, तिथला बोगदा २०२३च्या गणपतीत लहान गाड्यांना प्रथम खुला झाला, त्यामुळे ती वाट हलकी झाली. हजार सीसीच्या आतबाहेरचं इंजिन चार माणसं घेऊन घाट चढतं, पण हसत नाही. दुसऱ्या गिअरला आणि वळणावर पहिल्याला यावं लागतं. घाईने वरचा गिअर टाकला की गाडी कुंथते. जळक्या रबरासारखा वास आला तर क्लचवर पाय ठेवून चालवणं चाललं आहे असं समजावं. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, ब्रेकवर सारखं उभं राहायचं नाही, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे शूर असतात, त्यांच्या शेजारी बसू नये.

पत्रात लिहिलं आहे की यजमान गॅसकिट बसवून घ्यायचं म्हणतात. सीएनजी स्वस्त पडतो हे खरं. पण हॅचबॅकची डिकी आधीच एवढीशी, त्यात नळकांडं बसलं की पिशवी ठेवायला जागा नाही. (अलीकडच्या काही गाड्यांत दोन लहान नळकांडी तळाशी बसवून जागा वाचवतात, पण त्या नव्या.) चढावर जोर कमी पडतो, दर तीन वर्षांनी नळकांड्याची तपासणी करावी लागते. मागची सीट आडवी पाडून मोठी जागा होते, हा हॅचबॅकचा सगळ्यांत मोठा गुण. आमच्याकडे गणपती त्या जागेतूनच येतो, पाटावर, दोन्ही बाजूंना उशा लावून. किटासाठी ही सोय घालवू नये असं माझं मत.

आणि ऍव्हरेज. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो, ठरावीक वेगात, यंत्रावर चालवलेल्या गाडीचा. आपला आकडा आपण काढायचा. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा, चारशेएक किलोमीटर चालवा, पुन्हा पूर्ण भरा. किलोमीटरला लिटरने भागा. आता हिशेब बघा. महिन्याला चारशे किलोमीटर फिरलात तर पंधराच्या गाडीला पावणेसत्तावीस लिटर लागतं, अठराच्या गाडीला सव्वाबावीस. फरक साडेचार लिटरचा. पेट्रोल शंभरीच्या वर धरलं तरी महिन्याचे साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. ह्या फरकासाठी घरात इतकी चर्चा होते, आणि एअरबॅग आहे का हे कुणी विचारत नाही! २०१४ साली ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या एअरबॅगशिवाय आपटून बघितल्या, मोठ्या माणसांच्या बचावात पाचांनाही शून्य तारे मिळाले. चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. तुमची गाडी २०१८ची. तेव्हा ती नसूही शकते. स्टीअरिंगच्या मधोमध तशी अक्षरं कोरलेली आहेत का ते बघा, आणि मागच्या सीटचे पट्टे सीटखाली कोंबलेले असतील तर आधी बाहेर काढा.

ते पट्टे मला आणखी एका कारणासाठी हवे आहेत. इथे माझी स्वतःची गोष्ट येते.

२२ जुलै २०२१. त्या सुमाराला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि महाबळेश्वरचं पाणी सावित्रीतून पोलादपूरवरून आमच्याकडेच येतं. रात्री पाणी गल्लीत आलं तेव्हा आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो. स्कूटर ओट्यावर घेतली. गाडी उंचावर, हायवेकडे न्यायला उशीर झाला होता. वाहत्या पाण्यातून नेली नाही हे बरंच झालं, फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलून नेऊ शकतं. सकाळी तळमजल्याच्या खिडक्या बुडाल्या होत्या आणि गाडीचं छप्परही दिसत नव्हतं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यापुढे गाडीचं नाव काढायची लाज वाटत होती, म्हणून तेव्हा कुणाशी बोलले नाही.

पाणी ओसरल्यावर यजमान चिखलातून गाडीपाशी गेले आणि चावी लावणार, तेवढ्यात समोरचे मिस्त्री ओरडले, “साहेब, हात लावू नका!” इंजिनात पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि चालू करायला गेलं की आतले दांडे वाकतात. वर विमा कंपनी म्हणू शकते की हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलंत. आम्ही बॅटरीची वायर काढून ठेवली, फोटो काढले आणि थांबलो. पुढे विम्यातून गाडी पूर्ण बाद ठरली, पैसे मिळाले, आणि एक दिवस ट्रकवर चढवून ती घेऊन गेले. चिखलाने भरलेली, आत शेवाळाचा वास. माझी बांगडीची डबी पुढच्या कप्प्यात राहिली होती, ती आठवली तेव्हा ट्रक वळला होता.

मला वाटलं भंगारात गेली. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, भंगारात कशाला जाईल? धुतील, सुकवतील, नवी सीटकव्हरं घालतील आणि दुसऱ्या गावात विकतील.” तेव्हापासून मी कधी कधी विचार करते, आमची गाडी आज कुणाच्या दारात उभी असेल, आणि त्या बाईला कुणी सांगितलं असेल का.

म्हणून, पोलादपूरच्या भगिनी, बावीस हजार किलोमीटर, कोरी सीटकव्हरं आणि पाऊण लाख कमी, हे एकत्र वाचल्यावर माझी आमटी उतू गेली. ती गाडी भिजलेलीच आहे असं मी म्हणत नाही. एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जपून वापरलेली असू शकते. पण बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका. मागच्या सीटचा पट्टा पूर्ण, शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या भागावर मातकट डागाची रेघ असेल तर ती पाण्याची खूण. गालिचा उचला. स्टेपनी बाहेर काढून तिच्या खड्ड्यात गंज किंवा वाळलेला गाळ आहे का बघा. सीट पुढेमागे सरकते त्या पट्ट्या गंजल्या आहेत का, दिव्याच्या काचेत आतून दमट धुकं आहे का. काचा बंद करून उन्हात तासभर उभी करा आणि मग दार उघडून वास घ्या. अत्तराचा वास फार येत असेल तर जास्तच संशय घ्या. भिजलेली गाडी पहिले काही महिने व्यवस्थित चालते, म्हणून तर लोक फसतात. मग वायरींच्या जोडांना हिरवट गंज धरतो, एक दिवस काच उतरत नाही, एक दिवस वायपर थांबतो, आणि जुलैच्या त्या रात्री दोन वाजता गाडी सुरूच होत नाही.

सगळ्यांत चांगली खूण मात्र कागदात सापडते. विकणाऱ्याकडे २०२१ पासूनचे विम्याचे सगळे कागद मागा. ज्या वर्षी विम्याचे पैसे मागितलेले नसतात त्याच्या पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते, ‘नो क्लेम बोनस’ म्हणून. पहिल्या वर्षी वीस टक्के, ती वाढत पन्नासपर्यंत जाते. मोठं नुकसान होऊन पैसे मागितले की ती शून्यावर येते. २०२१-२२च्या कागदावर पंचवीस-पस्तीस आणि पुढच्या वर्षी शून्य दिसला, तर मधे काय झालं ते विचारा. मालक बदलला तरी नव्या मालकाला शून्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून आरसी बुकावर मालक कितवा तेही बघायचं. एमपरिवहन ॲपवरही ते दिसतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर ही खूण मिळत नाही. आणि ‘कागद सापडत नाहीत’ असं उत्तर आलं, तर तेही एक उत्तरच समजावं. बाकी कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, मालकी बदलायचे २९ आणि ३०, हे एजंट करतो, पण सह्या आपल्यासमोर घ्या.

पाटल्यांचं. सोन्याचा भाव चढलेला आहे म्हणून मोडायचा मोह होतो, पण घडणावळ जाते आणि परत त्या वजनाच्या होत नाहीत हे आपण सगळ्या जाणतो. ह्या गाडीसाठी मोडू नका. कागद स्वच्छ निघाले आणि तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीने (विकणाऱ्याच्या नव्हे) गाडी लिफ्टवर चढवून बघितली, तर एक जोड तारण ठेवून पैसे उचला आणि वर्षा-दीड वर्षात सोडवा. पण सोनं तुमचं लागणार असेल तर आरसी बुक तुमच्या नावावर झालं पाहिजे. ही गोष्ट चहाच्या वेळी, भांडण न करता, पण पैसे देण्याआधी बोलून घ्या. यजमान वाईट आहेत असं नाही. आमचेही नव्हते, तरी पहिली गाडी त्यांच्या नावावर, दुसरी माझ्या.

गाडी दारात आली तरी श्वास लागला की पहिला फोन १०८ला. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, तो तुमच्या गाडीत नसणार. ती लवकर येत नाही असं कळलं तरच निघायचं. आणि मुंबईला जायला एसटीच बरी. मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, आणि झोपून जाता येतं.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज मात्र गाडीची वाट न बघता ह्याच आठवड्यात करा. पक्क्यासाठी मध्ये निदान तीस दिवस जावे लागतात. विम्याचे कागद येतात की नाही, ते तेवढ्यात कळेलच.